खुले पत्र: सर्टिफिकेट जुनं झालं म्हणून तपासणी बंद करू नका, संगणकही मोडीत काढू नका

प्रति,
जिल्हा परिषदा, नगरपालिका, शाळा, पतसंस्था आणि सहकारी बँका यांच्या संगणक विभागांचे प्रमुख,
तसेच त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे आणि वार्षिक देखभालीचा ठेका घेणारे

विषय: जुन्या सर्टिफिकेटांमुळे अडणारी अपडेट्स आणि त्यावर चाललेले चुकीचे उपाय

महोदय, महोदया,

कार्यालयातल्या एखाद्या संगणकावर अपडेट होईनासं झालं, की आपल्याकडून दोनपैकी एक उत्तर येतं. तोंडी उत्तर असं, की संगणकाची तारीख मागे न्या किंवा सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची, तपासणी बंद करा आणि काम चालू ठेवा. लेखी उत्तर असं, की संगणक कालबाह्य झाला असून निर्लेखनासाठी प्रस्तावित आहे. पहिल्या उत्तराने यंत्र उघड्यावर पडतं. दुसऱ्याने धडधाकट यंत्र जडसंग्रह नोंदवहीतून कमी होतं आणि त्याच्या जागी नवं यायला पुढचं आर्थिक वर्ष उजाडतं. मूळ बिघाड मात्र बहुतेक वेळा एका पेन ड्राइव्हने आणि तासाभराच्या कामाने सुटणारा असतो.

आम्ही शाळांच्या संगणक प्रयोगशाळा, पतसंस्थांचे काउंटर आणि ग्रामपंचायतींतले दाखले देणारे संगणक चालू ठेवण्याचं काम करतो. अपडेट अडलं की रांगेतल्या माणसाचा राग सोसावा लागतो तो समोर बसलेल्या परिचालकाला. त्याच्या हातात काहीच नसतं. ज्यांच्या हातात आहे ते आपण आहात.

बिघाड नेमका कुठे असतो ते आधी सांगतो. अपडेट करणारा प्रोग्रॅम सर्व्हरकडून काही उतरवून घेण्याआधी सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतो. त्या सर्टिफिकेटवर एका मधल्या सर्टिफिकेटची सही असते आणि मधल्यावर रूट सर्टिफिकेटची. ते रूट आपल्या संगणकातल्या विश्वासू यादीत असलं तरच साखळी पूर्ण होते. सोसायटीचे सचिव बदलले आणि नव्या सचिवांची नमुना सही बँकेत पोचलीच नाही, तर खात्यात पैसे असूनही चेक परत येतो. इथेही तसंच होतं. सर्व्हर खरा, नेट चालू, संगणक ठीक, पण संगणकाजवळची नमुन्यांची यादी जुनी.

३० सप्टेंबर २०२१ रोजी, आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी, 'डीएसटी रूट सीए एक्स३' या रूटची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची जगभरातली सर्टिफिकेटं जुन्या यंत्रांवर याच रूटच्या आधाराने चालत होती. तिचं स्वतःचं नवं रूट, 'आयएसआरजी रूट एक्स१', २०३५ पर्यंत चालणारं आहे. ते ज्यांच्या यादीत होतं त्यांना काहीच जाणवलं नाही. अँड्रॉइड ७.१.१, मॅकओएस १०.१२.१ आणि जावा ८ ची १४१ वी सुधारणा, यांच्या आधीच्या आवृत्त्यांत ते मुळातच नव्हतं. जुन्या अँड्रॉइडला दिलेली खास सवलतही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. ओपनएसएसएल १.०.२ (सुरक्षित जोडणीसाठी अनेक प्रोग्रॅम वापरतात ते सॉफ्टवेअर) याची अडचण वेगळीच होती. नवं रूट यादीत असूनही त्यावर चालणारे प्रोग्रॅम सर्व्हरने पाठवलेल्या साखळीमागे जुन्या, मुदत संपलेल्या रूटपर्यंत जात आणि तिथे अडत. त्यावर उपाय म्हणजे जुनं रूट यादीतून काढून टाकणं. यंत्र मोडीत काढण्याचं यात कुठेच कारण नव्हतं.

त्याआधी ३० मे २०२० रोजी 'अॅडट्रस्ट एक्स्टर्नल' हे रूट संपलं, तेव्हाही असंच झालं. १२ मे २०२५ ला 'बाल्टिमोर सायबरट्रस्ट' संपलं. यातली एकही तारीख अचानक आलेली नाही. बाल्टिमोरची तारीख मे २००० मध्ये, सर्टिफिकेट बनलं त्या दिवशीच, त्यावर लिहिलेली होती. पंचवीस वर्षं आधी कळलेल्या तारखेला 'अचानक उद्भवलेली तांत्रिक अडचण' म्हणता येत नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत गंभीर तक्रार तपासणी बंद करण्याच्या सल्ल्याबद्दल आहे. अपडेटचा प्रोग्रॅम संगणकावर अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतो. तो जे उतरवेल ते संगणक निमूटपणे चालवतो. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअरच्या पॅकेजांच्या यादीवर वेगळी सही असते, त्यामुळे तिथे निदान दुसरं कुलूप शिल्लक राहतं. पण लहान कंपन्यांच्या हिशेबाच्या किंवा हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये अपडेट म्हणजे सर्व्हरवरून आलेली एक फाइल असते आणि सर्टिफिकेट हे तिचं एकमेव कुलूप. ते काढलं की त्या नेटवर्कवरचा कुणीही मधे बसून आपली फाइल पुढे सरकवू शकतो. ज्या काउंटरवर लोकांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक टाइप होतात, तिथे हा सल्ला फोनवरून दिला जातो आणि त्याची कुठेही नोंद राहत नाही.

तारीख मागे नेण्याचा सल्ला तर स्वतःच्याच विरोधात जातो. संपलेल्या सर्टिफिकेटसाठी तारीख २०२१ वर नेली, की आज चालू असलेलं जवळजवळ प्रत्येक सर्व्हरचं सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं ठरतं. एक दार उघडायला बाकीची सगळी बंद होतात. शिवाय त्या दिवशी निघालेली प्रत्येक पावती, प्रत्येक डिजिटल सही आणि प्रत्येक नोंद चुकीच्या तारखेची होते. ऑडिटला उत्तर देताना याचा त्रास कारकुनाला होतो.

दुसरी तक्रार निदान न करण्याची. संगणकावर हात न ठेवता 'कालबाह्य' असा शेरा मारला जातो. प्रत्यक्षात पाहायचं असतं ते थोडंच. सगळ्याच सुरक्षित साइट्स एकदम नाकारल्या जात असतील तर आधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. साल दहा-पंधरा वर्षं मागचं दिसलं तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला आहे. मल्टिमीटरवर तो २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. हा नाण्याएवढा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

घड्याळ बरोबर असेल तर अपडेटच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट उघडून 'सर्टिफिकेशन पाथ' या टॅबवर जा. तिथे तीन ओळी एकाखाली एक दिसतात. वर रूट, मधे मधलं, खाली सर्व्हरचं. लाल फुली सगळ्यांत वरच्या ओळीवर असेल तर आपल्या संगणकाची यादी जुनी आहे. फुली खालच्या ओळीवर असेल आणि तिची मुदत संपलेली असेल तर दोष सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा. मधली ओळच गायब असेल तरी दोष त्याचाच, कारण मधलं सर्टिफिकेट पाठवणं हे सर्व्हरचं काम. आणि वरच्या ओळीत आपल्याच कार्यालयाच्या फायरवॉलचं (नेटवर्कची ये-जा गाळणाऱ्या यंत्राचं) किंवा अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर बाहेर कुणाला फोन करू नका. ते यंत्र वाहतूक उघडून तपासतं आहे आणि त्याचं स्वतःचं रूट या संगणकावर बसवलेलं नाही किंवा त्याची मुदत संपली आहे.

इथे एक फसगत हमखास होते. ब्राउझरमध्ये साइट उघडते म्हणून सर्टिफिकेट ठीक आहे असं समजलं जातं. पण फायरफॉक्स आणि अलीकडचं क्रोम रूटची स्वतःची यादी सोबत बाळगतात. विंडोजची यादी वेगळी, जावाची वेगळी, पायथनच्या प्रोग्रॅमांची बहुधा आणखी वेगळी. अपडेट अडलेला प्रोग्रॅम कोणती यादी वाचतो हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती वाया जाते. डिजिटल सहीची कितीतरी साधनं जावावर चालतात आणि एकाच संगणकावर जावाचे दोन-तीन फोल्डर असतात. प्रत्येकात 'सीएसर्ट्स' नावाची स्वतंत्र फाइल असते. दुरुस्ती त्याच फोल्डरमध्ये करावी लागते ज्यातून ते साधन सुरू होतं.

तिसरी तक्रार आपल्याच फायरवॉलबद्दल. विंडोज स्वतःची रूटची यादी मायक्रोसॉफ्टकडून आपोआप ताजी करून घेतं. कित्येक कार्यालयांत सुरक्षेच्या नावाखाली नेमका तोच पत्ता अडवलेला असतो, किंवा ग्रुप पॉलिसीत (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या सेटिंगमध्ये) 'टर्न ऑफ ऑटोमॅटिक रूट सर्टिफिकेट्स अपडेट' ही नोंद चालू ठेवलेली असते. मग संगणक नवा असो वा जुना, त्याची यादी ज्या दिवशी विंडोज टाकलं त्या दिवसाची राहते. अशा यादीत नवी रूट येत नाहीत एवढंच नव्हे, रद्द झालेलीही तशीच राहतात. जुलै २०१४ मध्ये आपल्याच देशातल्या एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं होतं. विंडोज त्यांच्यावर विश्वास ठेवत होतं, कारण भारताचं मूळ रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने ती आपल्या बाजूने अविश्वासू ठरवली. ज्या संगणकांची यादी ताजी होत होती तिथे तो निर्णय पोचला. जिथे पत्ता अडवलेला होता तिथे पोचला नाही.

बाहेरचा पत्ता उघडायचाच नसेल तरी मार्ग आहे. एका सर्व्हरला मायक्रोसॉफ्टकडून यादी घेऊ द्या, ती कार्यालयातल्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि बाकीच्या संगणकांना तिथून घ्यायला सांगा. 'सर्टयुटिल' या विंडोजमधल्याच साधनात त्यासाठी 'सिंक विथ डब्ल्यूयू' हा पर्याय आहे.

विंडोज ७ चे संगणक अजून चालू आहेत आणि सर्वांत जास्त शेरे त्यांच्यावरच बसतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर. २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट आपल्या अपडेट्सवर फक्त शा-२ पद्धतीची सही करतं. नव्याने टाकलेलं विंडोज ७ ही सही ओळखत नाही आणि बहुधा ८००९२००४ हा एरर देतं. सर्व्हिस पॅक १ आहे याची खात्री करा. मग दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून दोन फाइल्स उतरवा, केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. याच क्रमाने बसवा आणि संगणक रीस्टार्ट करा. ३२ बिटच्या संगणकावर ६४ बिटची फाइल चालवली तर 'हे अपडेट या संगणकाला लागू नाही' एवढाच संदेश येतो आणि तिथेच अनेक जण हात टेकतात. अपडेटचा प्रोग्रॅम टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) मागत असेल तर केबी ३१४०२४५ लागतं. त्यासोबत रजिस्ट्रीतही (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) नोंदी कराव्या लागतात, नुसती फाइल बसवून भागत नाही.

यानंतर रूट. अद्ययावत विंडोज १० किंवा ११ वर 'सर्टयुटिल'च्या 'जनरेट एसएसटी फ्रॉम डब्ल्यूयू' या पर्यायाने सगळ्या रूटची एक फाइल बनते. ती उघडून हवी तीच घ्या: आयएसआरजी रूट एक्स१, डिजिसर्ट ग्लोबल रूट जी२ आणि अडलेल्या सर्व्हरच्या साखळीत दिसणारं रूट. सगळी फाइल डोळे झाकून ओतू नका. प्रत्येकाचा ठसा (सर्टिफिकेटच्या तपशिलात दिसणारा 'थंबप्रिंट' क्रमांक) दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरच्या ठशाशी जुळवून बघा. आयात करताना 'लोकल कॉम्प्युटर'च्या 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज' मध्येच करा. 'करंट युजर'मध्ये केली तर ब्राउझर चालू लागतो, पण अपडेटची सेवा सिस्टिमच्या खात्यावर चालत असल्याने तिला ते रूट दिसतच नाही. जागा आपोआप निवडण्याचा पर्याय ठेवला तर रूट कधीकधी भलत्याच कप्प्यात जातं. 'रूट टाकलं तरी चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा यातलंच एक कारण असतं.

एवढं केल्याने विंडोज ७ सुरक्षित होत नाही हेही स्पष्ट सांगतो. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि पैसे भरून मिळणारी मुदतवाढही जानेवारी २०२३ ला. पण या दुरुस्तीने आधार संपण्याआधी निघालेली अपडेट्स बसतात, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू राहतं आणि माहिती नीट बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीवर जायला सवड मिळते. विंडोज ८ आणि १० च्या संगणकांना शा-२ ची पायरी लागतच नाही.

अँड्रॉइड ६ आणि त्याआधीच्या टॅबलेटवर सेटिंग्जमधल्या सिक्युरिटी विभागातून रूट बसवता येतं. त्यासाठी पिन किंवा पॅटर्नचं लॉक लावावं लागतं आणि नंतर 'नेटवर्कवर लक्ष ठेवलं जात असू शकतं' अशी सूचना दिसते. अँड्रॉइड ७.० वर बहुतेक अॅप्स असं हाताने बसवलेलं रूट मानत नाहीत. तिथे कंपनीचं अपडेट हाच मार्ग.

चौथी तक्रार सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांबद्दल. मार्च २०१८ मध्ये ऑक्युलस रिफ्ट हे डोळ्यांवर लावायचं व्हीआर उपकरण जगभर बंद पडलं, कारण प्रोग्रॅमवर सही केलेल्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि सहीवर वेळेचा शिक्का नव्हता. दुरुस्ती पोचवणारा अपडेटर त्याच सहीचा, म्हणून तोही बंद. लोकांना हाताने फाइल उतरवावी लागली. ४ मे २०१९ ला, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास, मधल्या सर्टिफिकेटची मुदत संपून फायरफॉक्सची अॅड-ऑन्स (ब्राउझरला जोडायचे जादा प्रोग्रॅम) बंद पडली. मार्च २०२५ मध्ये टीव्हीला जोडायच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टचं असंच झालं. या मोठ्या कंपन्यांनी निदान चूक जाहीर केली आणि दुरुस्ती दिली. आपण पुरवलेल्या सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हर मुदत संपलेल्या सर्टिफिकेटवर आठवडाभर राहतो आणि ग्राहकाला सांगितलं जातं, तुमचा संगणक जुना झाला. हे थांबलं पाहिजे.

पुढे हे वाढणारच आहे. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये थांबवलं. वर्षातून एकदा आठवणीने सर्टिफिकेट बदलणारा माणूस आता पुरा पडणार नाही.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय. २०१२ नंतरच्या बहुतेक संगणकांच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) मायक्रोसॉफ्टची २०११ सालची सर्टिफिकेटं आहेत. त्यांतली दोन जून २०२६ मध्ये संपतात आणि विंडोजच्या बूट मॅनेजरवर सही करणारं ऑक्टोबर २०२६ मध्ये. संगणक त्यानंतरही सुरू होतो, त्यामुळे 'चालतंय ना' म्हणून सोडून दिलं जाईल. पण २०२३ ची सर्टिफिकेटं बसलेली नसतील तर बूटच्या टप्प्यावरच्या सुरक्षा दुरुस्त्या त्या संगणकाला मिळत नाहीत. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'सिक्युअर बूट स्टेट' चालू आहे का ते बघा, आधी कंपनीचं फर्मवेअर अपडेट करा, मग विंडोजचं. फर्मवेअरला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर घेऊन ठेवा. नवी सर्टिफिकेटं बसल्यावर सिक्युअर बूटच्या किल्ल्या 'फॅक्टरी डिफॉल्ट'वर नेऊ नका. तसं केल्यास नवी सर्टिफिकेटं पुसली जाऊन संगणक सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

तारीख मागे नेण्याचा आणि तपासणी बंद करण्याचा सल्ला लेखी पत्रकाने मागे घ्या. ज्या संगणकांवर तपासणी आधीच बंद केलेली आहे ते शोधून पुन्हा चालू करा.

घड्याळ, रूटची यादी, शा-२ आणि टीएलएस १.२ या चार गोष्टी तपासून सहीनिशी नोंद केल्याशिवाय 'कालबाह्य' या कारणाने एकही संगणक निर्लेखनात घेऊ नका.

रूटच्या यादीचा पत्ता फायरवॉलमध्ये खुला करा, नाहीतर सामायिक फोल्डरची सोय करा.

प्रत्येक तालुक्याला दुरुस्तीच्या फाइल्सचा एक संच द्या, ३२ आणि ६४ बिट दोन्हीचा, ठसे आणि तारीख लिहिलेला. तो दर तीन महिन्यांनी बदला.

देखभालीच्या करारात सर्टिफिकेटच्या मुदतींचं वेळापत्रक जोडा. नूतनीकरण आपोआप होण्याची, सहीवर वेळेचा शिक्का मारण्याची आणि अपडेटर बंद पडल्यास हाताने बसवायची फाइल २४ तासांत देण्याची अट सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांवर घाला. सर्व्हरच्या चुकीने काम अडलं तर त्या दिवसांचे देखभालीचे पैसे कापा.

सिक्युअर बूटच्या सर्टिफिकेटांची संगणकनिहाय यादी करा आणि ती परिचालकांना बघता येईल अशी ठेवा.

यातल्या कोणत्याही कामाला नवी खरेदी लागत नाही. पद्धत दाखवायला, पहिला संच तयार करायला आणि परिचालकांना शिकवायला आम्ही येऊ. आपण तारीख कळवा.

आपले,
तालुक्यांच्या ठिकाणी संगणक देखभालीचं काम करणारे तंत्रज्ञ